मंगळवारी चहा दोनदा आला

ती घटना आजही आठवते, असं म्हणायची आम्हा पोलिसांना सवयच असते. परवा मात्र ती आठवली नाही, थेट शेजारी येऊन बसली. न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावात, मुलीच्या घरी. जेवणं झाली होती, डोंगरावरचं धुकं अंगणापर्यंत उतरलं होतं आणि हीटपंपच्या उबेत मी पेंगत होतो. पंधरा वर्षांच्या नातीने टीव्हीवर जुना कृष्णधवल भुताचा चित्रपट लावला.

"आजोबा, इज इट हीप्स स्केरी?" हीप्स म्हणजे इथल्या पोरांचं 'खूप'.

"तूच बघ," म्हणालो. पडद्यावर मेणबत्ती पेटली, माझे डोळे मिटले आणि मी निम्मा अप्पर हटमध्ये, निम्मा त्या तालुक्याच्या गावात होतो.

तिथे मी नवा फौजदार होतो. आमची चौकी आणि टॉकीज यांच्यात एकच भिंत. हाच चित्रपट तिथे सात आठवडे चालला. तीनच्या खेळाला, मध्यंतरानंतर, पाचच्या सुमारास नायिका आरशात बघून किंचाळायची. पहिल्या दिवशी मी टोपी घेऊन धावलो, तेव्हा हवालदार पोट धरून हसले. पुढे ती किंचाळी आमची घंटाच झाली. ती ऐकू आली की कागदावरून मान वर न करता मी म्हणायचो, "चहा सांगा."

एका बुधवारी सकाळी चौकीमागच्या गल्लीतला गादी कारखान्याचा मालक आला; त्याचं घर आणि कारखाना एकाच आवारात. बायको आदल्या दिवशी पहिल्या एसटीने माहेरी निघाली, ती पोहोचलीच नाही म्हणाला. बेपत्ता म्हणून नोंद घेतली, आसपासच्या ठाण्यांना बिनतारी संदेश दिले, कंडक्टरचा जबाब घेतला. त्याला बाई आठवत नव्हती. नवऱ्याला दोनदा समोर बसवलं. साडीचा रंग, पिशवी, डब्यातली भाजी, सगळं त्याने घडाघडा सांगितलं. खरं बोलणारा माणूस कुठेतरी अडखळतो, पण हे कळायला केस पांढरे व्हावे लागतात. तेव्हा मी त्याला धीर दिला आणि घरी पाठवलं.

गुरुवारी पाचला किंचाळी आली, चहा आला. कप ठेवता ठेवता चहावाला म्हणाला, "साहेब, आज एकदाच ना? का परवासारखा दोनदा आणू?"

"परवा दोनदा?"

"मंगळवारी. खेळ सुरू होऊन अर्धा तास झाला होता, तेव्हा मागवलात. मग पाचला परत."

मी कप बाजूला सारला. मंगळवारी मी केसचे कागद लिहीत होतो. किंचाळी आली, चहा सांगितला. पुन्हा आली, पुन्हा सांगितला. धावतच टॉकीजच्या ऑपरेटरची केबिन गाठली. तो म्हणाला, "साडेतीनला? तेव्हा कुणी ओरडत नाही साहेब, तिथं गाणं आहे."

नवऱ्याला चौकीत आणलं. एकच प्रश्न विचारला. "मंगळवारी साडेतीनला तुमच्या घरातून कोण ओरडलं?"

"सिनेमातली बाई असेल, साहेब."

"सिनेमात तेव्हा गाणं असतं."

आता तो अडखळला. मग भिंतीला टेकून खाली बसला आणि खिशातून किल्ली काढली. बायको त्याला कायमची सोडून निघाली होती. त्याने तिला कापसाच्या खोलीत ढकलून कुलूप घातलं, आणि नंतर ते उघडायचीच त्याला भीती वाटत राहिली.

पंचांसमक्ष दार उघडलं. छतापर्यंत कापसाच्या थप्प्या. नंतरचा सगळा आवाज त्यांनीच गिळला होता. तिरप्या उन्हात कापूस तरंगत होता आणि त्यातून एक पांढरी बाई हळूहळू उठली. दोन शिपाई मागे सरले. खोटं कशाला बोलू, मीही सरलो. तिच्या पापण्यांवरसुद्धा कापूस होता. पाणी पाजलं. आणखी एक दिवस गेला असता तर ती हाती लागली नसती, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

तिने माझी बाही धरली. "साहेब, तो दार लावत होता तेव्हा मी ओरडले होते. कुणालाच ऐकू नाही गेलं?"

"नाही, बाई," मी म्हणालो. "ऐकू आलं असतं तर आलोच असतो."

नवऱ्याला शिक्षा झाली, मला वरिष्ठांची शाबासकी मिळाली. नोकरीत खोटे जबाब पुष्कळ ऐकले. हा माझा स्वतःचा, आणि तो कुठल्याच कागदावर नाही. त्याची लाज मला आजही वाटते. त्या केसने शिकवलं ते एवढंच, की आवाज रोजचा वाटला तरी एकदा उठून बघावं.

तेवढ्यात टीव्हीवरची नायिका किंचाळली आणि मी खडबडून जागा झालो. स्वयंपाकघरातून मुलीची हाक आली, "बाबा, चहा टाकू का?" तिला यातलं काहीच माहीत नाही.

मी उठलो.

"आजोबा, इट्स जस्ट द मूव्ही!" नात हसली.

"माहीत आहे गं."

जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, पायात घातल्या, दार उघडून अंगणात आलो. धुक्यात शेजारची घरं पुसट झाली होती. लांबून वेलिंग्टनकडे जाणाऱ्या गाडीचा आवाज आला आणि विरला. कुणी ओरडत नव्हतं. खात्री होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.

मग आत येऊन मुलीला म्हणालो, "आता टाक चहा."