मंडईला किती जण येणार

नऊ नोव्हेंबर, रविवार. रक्कम साडेतीन हजार रुपये. हजर दोघं, मी आणि माझी बायको. सकाळचा चहा पिता पिता असं ठरलं की यंदा गावच्या मंडईचा खर्च या रकमेच्या वर जाऊ द्यायचा नाही. म्हणजे मी ठरवलं, आणि बायको "पाहा बा" म्हणाली.

आमचं गाव अड्याळच्या बाजारापासून जवळच, पण लहान. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. दुकानं लागतात, पाळणे येतात, रात्री नाटक होतं, आणि घरोघरी पाहुणे असतात. या पाहुण्यांना कुणी बोलावत नाही. मंडई कधी आहे हे सगळ्यांना माहीत असतं, ज्याला यायचं तो येतो, आणि दारात आलेला माणूस मटण आणि लाखोरीच्या डाळीचे वडे खाल्ल्याशिवाय परत जात नाही. हिशेबी माणसाला याहून वाईट रीत नसेल. किती शिजवायचं याचा अंदाजच येत नाही. गेल्या वर्षी आमच्याकडे सव्वीस माणसं जेवली आणि चार हजार नऊशे चाळीस रुपये गेले.

हे वर्ष तर आधीच ओढाताणीचं. माझी नोकरी भंडाऱ्याला. पेट्रोल शंभराच्या वर गेलं आणि खाली आलंच नाही, तेव्हा मी मोटारसायकल आठवड्यातून दोनच दिवस काढू लागलो, बाकी दिवस एसटी. एसटी चुकली की अर्धा तास उशीर आणि साहेबांचं तोंड. तेलाची महिन्याला पाच पाकिटं लागत, ती तीनवर आणली. सिलिंडर जास्त दिवस पुरावा म्हणून आंघोळीचं पाणी घरामागे चुलीवर, तुराट्या जाळून तापवायला लागलो. "धूर माझ्या डोळ्यात, अन बचत तुमच्या वहीत," हे बायकोनं एकदा ऐकवलं. एवढं करूनही महिनाअखेर आधी उरायचं तेवढंच उरतं, कधी त्याहून कमी. याचा मला राग येतो. माझ्या बेरजेत चूक असती तर ती दुरुस्त केली असती. चूक सापडत नाही.

गुरुवारी मी धाकट्या बहिणीला फोन केला. ती आसगावला दिलेली. दरवर्षी ती, भाऊजी, दोन मुलं आणि तिची सासू असे पाच जण मंडईला येतात. भाऊबीजेला मीच तिच्याकडे जातो. आईबाबा गेल्यापासून ती माहेरी येते ती या एका दिवशी. मला फक्त मटणाचा अंदाज हवा होता. मी विचारलं, "यंदा किती जण येऊन राहिले?"

आकडा सांगायचा सोडून तिनं मलाच कारण विचारलं.

"काहून?"

"काहून म्हणजे, तेवढंच आणाले बरं."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

बायको डाळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"डोकी विचारली तुम्ही तिले?"

"मटण सातशे चाळीस रुपये किलो आहे."

"मंग मटणाचा भाव सांगाचा होता, तो तरी बरा होता. मंडईले कोनी डोकी विचारते काय? आता ते नाई येत. पाहा तुम्ही."

मी लगेच परत फोन करायला हवा होता. केला नाही. माझा प्रश्न मला बरोबर वाटत होता. अजूनही पूर्ण चुकीचा वाटत नाही, आणि हीच माझी अडचण आहे.

शनिवारी मंडई. मी दोन किलो मटण आणलं, तेलाची दोन पाकिटं. अकराच्या एसटीनं बहीण आली. एकटी. हातात कापडी पिशवी. तिनं ती पिशवी ओट्यावर ठेवली आणि आतून घरचे दोन किलो तांदूळ आणि तेलाचं एक पाकीट काढलं.

"भाऊजी कुठं आहेत?" मी विचारलं.

"त्याइले बोलावणं नाई."

"मंडईले बोलावणं लागते काय?"

"लागत नव्हतं. यंदापासून लागते म्हणते." मग एक बोट वर करून म्हणाली, "एक जण आली, दादा. लिहून घे. तिकीटही अर्धंच लागलं, बायकाइले सूट आहे. तुले हिशेबाले सोपं जाईन."

"अवं, तांदूळ कायले आनले?" बायको म्हणाली.

"माझ्यापुरते आनले, वयनी. चारच्या गाडीनं जातो म्हणते मी. जेवूनच आली."

ती खोटं बोलत होती. सकाळी आसगावहून निघालेली बाई अकराच्या आत कुठं जेवते? ती वडे तळायला बसली, पण एक वडाही तिनं तोंडात घातला नाही. तेवढ्यात बायकोच्या माहेरची सात माणसं न सांगता आली. अर्थात, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आमचं तेल संपलं तेव्हा बायकोनं बहिणीनं आणलेलं पाकीट फोडलं. माझ्या घरात, माझ्या मंडईला, बहिणीच्या तेलात वडे तळले जात होते. साडेतीन हजारांच्या आकड्याचं मला काय करायचं होतं, ते मला आठवेना.

"बुडी सकाळपासून लुगडं नेसून ओट्यावर बसली आहे," ती बायकोला सांगत होती. बुडी म्हणजे तिची सासू. "म्हणे, यंदा गाडी काहून काढून नाई राहिले? म्या म्हटलं, तुमचं नाव यादीत नाई."

ती हसली. बायको हसली नाही, माझ्याकडे पाहत राहिली.

मी बाहेर जाऊन भाऊजींना फोन लावला. म्हटलं, माझं चुकलं, सगळे या. ते शांतपणे म्हणाले, "राग नाई जी. पण दोन गाड्या लागतात आम्हाले. एक भावानं नेली, दुसरीत पेट्रोल नाई." दरवर्षी ते दोन मोटारसायकली काढून यायचे. ते पेट्रोल मी कधीच हिशेबात धरलं नव्हतं.

चौकात एकच ऑटो होता.

"आसगाव, जाऊन-येऊन?"

"हजार."

"रोज पाचशे घेते तू."

"रोज मंडई असते काय, काका? अन पेट्रोल का तुमच्या घरून येते?"

पेट्रोलचा भाव त्याला मी काय सांगणार होतो. साडेआठशेवर तुटलं. आणखी एक किलो मटण आणायला गेलो.

पावणेदोनला ऑटो दारात उभा राहिला. सासूबाई आधी उतरल्या, लुगड्याची घडी न मोडता. "उशीर केला बापू," एवढंच मला म्हणाल्या. पान वाढलं तेव्हा बहीण त्यांच्याशेजारी बसली आणि तिनं सहा वडे खाल्ले. मी मोजत नव्हतो, दिसलं. दारात आला म्हणून ऑटोवालाही बसला आणि दोनदा रस्सा मागून घेतला.

घरातला खर्च तीन हजार सातशे साठ झाला. जेवण झाल्यावर ऑटोवाल्याला साडेआठशे दिले. जेवणाचे त्यानं कापले नाहीत, मीही म्हटलं नाही. निघताना बहिणीच्या हातात पाचशेची नोट ठेवली. एकच नोट होती, तरी तिनं ती माझ्यासमोर मोजली आणि कमरेला खोचली. तिच्या तेलाच्या पाकिटाचे दीडशे देऊ केले, ते घेतले नाहीत.