खुराड्याचा हिवाळी बंदोबस्त

मे महिन्यातल्या भर दुपारी तर्री-पोहे खाणारा मी, दिवाळी झाली की कानटोपीतून बाहेर निघत नाही. थंडी ही नागपूरकरांवर कुणीतरी मुद्दाम सोडलेली गोष्ट आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. त्यामुळे नागपूरलगतच्या बेसा गावातल्या आमच्या घरामागे चार कोंबड्या पाळल्या, तेव्हा त्यांच्या पहिल्या हिवाळ्याची काळजी त्यांच्यापेक्षा मलाच जास्त होती.

दोन रविवार खपून मी खुराड्याचा बंदोबस्त केला. आत तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, जाड थर, चारही बाजूंनी बारदान, त्यावर ताडपत्री, त्यावर कूलरचं जुनं कव्हर आणि जिथे म्हणून फट दिसली तिथे खाकी चिकटपट्टी. मुंगीलासुद्धा आत जायचं तर दार वाजवावं लागलं असतं.

बायको उमरेडकडच्या शेतकरी घरातली. तिनं चहूबाजूंनी न्याहाळलं. "अवो, कोंबड्या ठेवून राहिले का पार्सल पाठवून राहिले?"

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चार दिवसांत तांबडी शिंकायला लागली. ही माझी लाडकी. मी अंगणात खुर्ची टाकली की येऊन माझ्या पायावर बसायची. आता मान आखडून, डोळे मिटून कोपऱ्यात. ही मेली तर काय, या विचारानं माझं जेवण गेलं. थंडीच बाधली म्हणून मी खुराड्यावर आणखी एक चादर चढवली. शिंका वाढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोंबड्या सोडायच्या आधीच बायको म्हणाली, "तिले ऊब नाही, हवा पायजे. ऊब तं तिच्या पिसातच हाय."

"आत स्वर्ग हाय, स्वर्ग!"

"मंग तुमीच जाऊन या ना स्वर्गात."

गेलो. इरेला पेटलो की माझं असंच होतं. डोकं आणि एक खांदा आत गेला, दुसरा दारात अडकला. आत शिटेचा उग्र वास कोंडलेला, ताडपत्रीवरून थेंब टपकत होते, माझ्या डोळ्यांतून धारा. मी शिंकलो. शेजारून तांबडी शिंकली. पांढरी माझ्या कानटोपीचा गोंडा उपटायला लागली. बायकोनं पाय धरून बाहेर ओढेपर्यंत मला सगळं पटलं होतं.

त्याच दिवशी छपराखाली दोन्हीकडे झरोके कापले, ओलं तणस फेकलं. खाली आडोसा, वर हवा. आठवड्याभरात तांबडी पुन्हा माझ्या पायावर येऊन बसली.

मी मोठ्या ऐटीत घरात शिरलो, तर बायको झोपायच्या खोलीच्या खिडकीवरची चिकटपट्टी सोलत होती. ती दर हिवाळ्यात मीच लावतो. आणि दर हिवाळ्यात ही सकाळी खोकत उठते. इतकी वर्षं तो खोकला मी रस्त्याच्या धुळीवर ढकलत आलो होतो. मला लाज वाटली, आणि फार वाईटही वाटलं.

"सांगितलं काहून नाही वं?"

"दरवर्षी सांगते. पण मी का कोंबडी आहो, माहं ऐकाले!"

मी कानटोपी काढली आणि खिडकीच्या दुसऱ्या बाजूची पट्टी सोलायला घेतली.