माहितीसाठी प्रत

त्या प्रकरणातली निळी वही अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. शाळेची असते तशी, शंभर पानी.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. महाराष्ट्र पोलिसांतून निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर मी कुवेतमधील एका बांधकाम कंपनीच्या कामगार कॅम्पवर सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू झालो. कॅम्प जलीबला होता. सकाळी हजेरी, गेटवरचे रजिस्टर, शुक्रवारी खोल्यांची तपासणी. ठाण्यापेक्षा काम हलके होते.

खबर गुहागरकडच्या एका सुताराने दिली.

"साहेब, सात नंबरचे आफ्रिकन शुक्रवारी दार लावून बसतात."

"पत्ते खेळत असतील."

"पत्त्यांत हात वर करतात काय? एक जण वहीतलं नाव वाचतो, बाकीचे हात वर करतात. आमच्याकडे मंडळाचा अध्यक्ष ठरवतात तसं."

त्या देशात राजकीय पक्षांना परवानगी नव्हती आणि कॅम्पवर गुप्त बैठक सापडली, तर कंपनी अख्खी खोली विमानात बसवून मोकळी होत असे. मी खोलीची झडती घेतली. वही गादीखाली मिळाली. एकवीस नावे, प्रत्येकापुढे गावाचे नाव. अक्षर पन्नाशीच्या एका वेल्डरचे होते.

त्याला ऑफिसात बसवले. बोलणे कॅम्पच्या हिंदीत झाले. यादी चर्चची आहे, असे त्याने सांगितले. मी तोच प्रश्न तीन वेळा, क्रम बदलून विचारला. उत्तर बदलले नाही. मग मी गेटचे रजिस्टर काढून एकेक नाव ताडून पाहिले. एकवीसपैकी एकही माणूस कॅम्पवर नव्हता.

"यातलं इथं कोणीच नाही," मी म्हणालो. "तुमचं चर्च भुतांचं आहे का?"

तो पहिल्यांदा हसला आणि मग बोलला.

"हे सगळे घरी आहेत, साहेब. मी शाळेत होतो तेव्हापासून आमच्याकडे एकच पक्ष. आता दुसऱ्यालाही उभं राहू देणार आहेत. मतदान केंद्रावर दुसऱ्या पक्षाचा माणूस बसला नाही, तर पेटी आधीच भरते. म्हणून आम्ही आपापल्या घरच्यांना पत्रं लिहून बसायला तयार केलं. एका गावाला एक माणूस. दोन नावं आली की हात वर करून ठरवतो."

पहिले नाव त्याच्या धाकट्या भावाचे होते.

"वही जाळून टाका, साहेब. मला परत पाठवलंत तरी चालेल."

"तुमचा गुन्हाच नाही. घाबरता कशाला?"

मी अहवाल लिहिला. कॅम्पवर कोणताही आक्षेपार्ह प्रकार नाही, कारवाईची शिफारस नाही. यादीची छायाप्रत सोबत जोडली. शेवटी, तीस वर्षे लिहीत आलो तसे लिहिले: 'प्रत माहितीसाठी, संबंधित दूतावास.' प्रती रवाना केल्याशिवाय अहवाल पूर्ण झाला, असे आमच्या खात्यात कोणी मानत नाही. कंपनीची सरकारी कागदपत्रे नेणाऱ्या मंदूबने तो लिफाफा दुसऱ्या दिवशी पोहोचवला. दूतावास अर्थातच त्या जुन्या पक्षाच्या सरकारचा होता. वही मी वेल्डरला परत दिली. त्याने माझे दोन्ही हात धरले.

निवडणूक झाली. जुना पक्ष जिंकला. काही आठवड्यांनी वेल्डर पत्र घेऊन आला. मतदानाच्या दोन दिवस आधी भावाला घरातून नेले होते. तो परतला नव्हता. यादीतल्या एकाही गावात केंद्रावर दुसऱ्या पक्षाचा माणूस बसला नव्हता.

"वही माझ्याजवळच होती," तो म्हणाला. "आमच्यातलाच कोणीतरी फुटला. तुम्ही पोलीस होता, साहेब. शोधून द्या."

मी त्याला बसायला सांगितले. पाणी दिले. "बघतो," म्हणालो.

त्यानंतर सात नंबरमध्ये कोणी कोणाशी बोलेनासे झाले. दोघांनी खोली बदलून मागितली, मी ती दिली. सुतार एकदा म्हणाला, "आता शांतता आहे, साहेब." वेल्डर करार संपेपर्यंत दर शुक्रवारी ऑफिसच्या दारात उभा राहायचा. काही विचारायचा नाही. मी मान हलवायचो आणि तो जायचा.

निर्दोष सोडलेला माणूस सुटला, असे मी नोकरीभर समजत आलो. अहवालातला एकही शब्द खोटा नव्हता. पुढे कधी मी 'प्रत माहितीसाठी' लिहिले नाही. त्याचा उपयोग कोणालाच नव्हता.

तो मायदेशी निघाला, त्या दिवशी गेटच्या रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे मी नियमाप्रमाणे नोंद केली: तक्रार प्रलंबित नाही.