न दुखणारं काळीज

१४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी नाटक मंडळाच्या कचेरीत इसरू नाकाडेच्या हातात आदल्या रात्रीच्या प्रयोगाचे एक हजार सातशे पन्नास रुपये पडले. उद्याची सुट्टी मात्र मिळाली नाही.

वडशाच्या नाटक मंडळांत इसरूसारखा खलनायक नव्हता. धान निघाले की होळीपर्यंत रोज एका गावात नाटक. गाव मंडईच्या जत्रेसाठी, शंकरपटाच्या बैलशर्यतीसाठी तारीख आधीच ठरवून ठेवते. नट आजारी पडला तरी तारीख आजारी पडत नाही. सहा वर्षांपूर्वी तापाचे निमित्त होऊन इसरूचे हृदय फुगले, निकामी झाले, आणि नागपुरात अपघातात गेलेल्या कुणा तरुणाचे हृदय त्याच्या छातीत बसले. तेव्हापासून दर जानेवारीत मानेच्या शिरेतून तार घालून हृदयाच्या स्नायूचे कणीएवढे तुकडे काढायचे आणि तपासायचे. मागच्या वर्षी मालकाने जाऊ दिले नव्हते.

"दुखून राह्यलं का?" मालक गुणवंतरावांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा गालात सरकवत विचारले.

"नाई."

"मंग काऊन नाटकं करून राह्यला बे? आपलं नाटक राती हाये."

"भाऊ, हे दुखतच नाई. काळीज बदललं तवा नसा कापल्या. आत मांस घट्ट होत जाते, वणावानी धागे भरते, पण मले कोण सांगन? तुकडा पाह्यल्याबिगर समजत नाई."

"मागच्या साली बी हेच रडगाणं. नाई गेला, तं मेला का?"

इसरूच्या कानशिलात आग पेटली. नसा तुटल्यामुळे नायकाशी मारामारी होताना त्याचे हृदय थंड असायचे आणि विंगेत येऊन बसला की मग उधळायचे, याची त्याला सवय होती. पण यंदा मंचाच्या चार पायऱ्या चढतानाच दम लागत होता. एक संवाद दोन श्वासांत तोडून म्हणावा लागे, आणि लोक त्यालाच नवी ढब समजून टाळ्या पिटत.

तेवढ्यात चौकात मंडळाची गाडी आली. भोंग्यावर नेहमीची आरोळी होती, "पराया काळजाचा खलनायक! ज्याच्या छातीत दुखणंच नाई, असा एकच मर्द, इसरू नाकाडे!"

पहिल्या वर्षी ही आरोळी ऐकून तो हसला होता. आज तो कचेरीतून तडक उतरला आणि गाडीवाल्याच्या हातातला माईक हिसकावला.

"ऐका बे! दुखत नाई म्हून मी मर्द नोहो! ज्याचं दुखते तो नशीबवान! त्याले दवाखान्यात जायाले तरी समजते! माह्या मरणाची तिकिटं विकून राह्यला हा माणूस!"

माईक त्याने नालीत फेकला.

"माईक तुह्या बापाचा होता का?" गुणवंतराव ओरडले. "भरून दे!"

इसरूने सगळे पैसे त्यांच्या अंगावर भिरकावले. एसटीपुरतेही उरले नाहीत. समोरच्या दुकानात नाटकाचे कपडे शिवणारे नूर मोहम्मद मशीन सोडून उठले आणि गल्ला उपडा केला. तीनशे वीस निघाले.

"जा भाऊ. पैशाचं मागून पाहू," ते म्हणाले. "तुह्या मापाचा अंगरखा मी दुसऱ्यासाठी उसवत नाई."

नागपुरात तुकडे तपासले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, याचाच इसरूला जास्त राग आला. स्नायूंमध्ये वणाचे धागे पसरले होते, हृदयाची भिंत ताठरली होती.

"मागच्या वर्षी दिसलं असतं तर औषध तेव्हाच बदललं असतं," त्या म्हणाल्या. "ताठरलेलं परत मऊ होत नाही. उरलंय ते सांभाळा. धावणं, मारामारी बंद."

तो परतला तेव्हा त्याची भूमिका मंडळातला दुसरा नट लच्छू करत होता. गाडीवर नवा माईक होता, आरोळी मात्र तीच, आणि फोटोही इसरूचाच. त्याने भर चौकात तो फलक फाडला. त्या दिवशीही हृदय उशिराच धडधडले.

आता दुसऱ्या मंडळात तो न्यायाधीश होतो. खुर्चीत बसून फाशी सुनावतो. पहिल्या रांगेत गुणवंतराव बसले आहेत असे धरून तो ते वाक्य म्हणतो, आणि ते एकाच श्वासात निघते. पुढच्या जानेवारीची सुट्टी त्याने काम घेण्याआधीच ठरवून घेतली आहे.

नूर मोहम्मदचे तीनशे वीस रुपये अजून द्यायचे आहेत.