ढालीच्या अर्ध्यातला कळंब

होणाऱ्या व्याह्यांच्या घराण्याची एक ढाल आहे आणि तिच्यावर दोन पायांवर उभा राहिलेला सिंह आहे, असं मुलानं फोनवर सांगितलं तेव्हा मला हसूच आवरेना. व्याही जन्मभर विमा विकत होते. ती ढाल त्यांनी मॉलमधल्या एका स्टॉलवरून घेतली होती. आपलं आडनाव सांगायचं, की सिंह नाहीतर गरुड हातात मिळतो.

"हसू नकोस ना आई," मुलगा म्हणाला. "हिला दोन्ही फॅमिलीजचा मिळून एक क्रेस्ट डिझाइन करायचाय. अर्ध्यात त्यांचा लायन, अर्ध्यात आपलं काहीतरी. आपलं काय आहे?"

"कळंब," मी पटकन म्हणाले.

इतकं पटकन, कारण महिनाभर तेच मनात घोळत होतं. आमच्याकडे प्रत्येक कुळाचं एक देवक असतं. कुणाचं पिंपळ, कुणाचं शंख, ह्यांच्या घराचं कळंबाचं झाड. लग्नात त्याची डहाळी पूजा करून आणायची आणि मांडवात बसवायची. त्याशिवाय कार्य सुरूच होत नाही. एरवी त्या झाडाला हात लावायचा नाही. सासूबाई तर पडलेल्या पानावरही पाय पडू देत नसत. माझ्या माहेरचं देवक मोराचं पीस, पण ते माहेरीच राहिलं. लग्न झालं आणि मी कळंबाची झाले.

आता इथे अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये कळंब कुठून आणणार? हे असते तर काहीतरी खटपट केली असती. पण मागच्या हिवाळ्यात हे गेले. त्यांचे भाऊ तर त्यांच्या आधीच एकेक करून गेले होते. देवक बसवायला कुळातलं वडीलधारं माणूस लागतं, आणि मी एकटीच उरले होते. एवढ्या मोठ्या घरात दिवसच्या दिवस कुणाशी बोलणं होत नसे. दुपारी बसमध्ये जाऊन बसायचे, नुसती माणसं दिसावीत म्हणून. मुलाचं लग्न देवकाशिवाय लागणार, ही बोच मी कुणाला सांगणार होते? त्या ढालीनं माझी वाट मोकळी केली. डहाळी नाही तर निदान चित्र तरी.

शनिवारी होणारी सूनबाई वही-पेन्सिल घेऊन आली. मुलगी गुणी. कळंबाचं लाडवासारखं गोल फूल तिला फार आवडलं. मग तिनं विचारलं, ह्याचा अर्थ काय? सिंह म्हणजे शौर्य, निळा रंग म्हणजे निष्ठा, तसा कळंब म्हणजे काय?

कळंबाला काही अर्थ नसतो. तो आपला असतो, एवढंच. पण तिच्या वहीत अर्थाची जागा रिकामी होती, म्हणून मुलानं मध्येच सांगून टाकलं, "लव्ह फॉर नेचर." चित्र मात्र सुरेख काढलं पोरीनं. मी ते देव्हाऱ्यात ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि ह्यांच्या फोटोकडे बघून म्हटलं, बसवलं हो देवक. त्या दिवशी मी बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवले.

लग्न छान झालं. मग आम्ही जेवणाच्या हॉलमध्ये गेलो आणि टेबलावर बघते तर ती ढाल कागदी नॅपकिनांवर छापलेली. डावीकडे कळंब, उजवीकडे सिंह. सगळीकडे तेच. लोक त्याला तोंड पुसत होते, सॉसचे हात पुसत होते. एका काकांनी चघळलेलं हाड त्यात गुंडाळून ठेवलं. खाली पडलेल्या कळंबांवरून नाचणाऱ्यांचे बूट जात होते. सिंहावरूनही जात होते म्हणा, पण व्याही मजेत होते. त्यांच्या सिंहाला कशाची बाधा नव्हती.

मी खुर्ची सरकवून वाकले आणि हाताला येतील तेवढे उचलायला लागले.

"आई, सोड ना," मुलगा धावत आला. "ते लोक क्लीन करतील नंतर. काय झालं?"

त्याच्याही हातात एक होता. नाचून घामाघूम झाला होता, त्यानंच कपाळ पुसत होता. किती दिवसांनी त्याला इतकं हसताना बघत होते. सगळं माझ्या जिभेवर आलं. पण सासूबाई म्हणायच्या, नकळत घडलं तर देवक रागावत नाही, कळून केलं तर बाधतं. मी बोलले असते तर त्या क्षणापासून त्याला कळलं असतं. उद्या त्याची मुलं असाच कागद चुरगाळतील, तेव्हा दर वेळी तोही असाच वाकून ते उचलत बसेल, माझ्यासारखाच. आणि नाही बोलले तर ह्यांच्या कुळाचं देवक माझ्यापाशीच संपणार होतं.

"काही नाही रे," मी म्हटलं. "पाय घसरेल कुणाचा तरी, म्हणून."

तो गेला. मी हातातली चळत मांडीवर ठेवून बसले आणि मला रडूच फुटलं. लांबून सूनबाईनं पाहिलं. झगा सावरत आली, माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली, मांडीवरच्या चळतीतला वरचा नॅपकिन उचलला आणि फार मायेनं माझे डोळे टिपले.

"हॅपी टिअर्स?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं.