ह्यांच्या ताटातलं जेवण

"आजी, ह्याला डिप्रेशन म्हणतात," शहापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझी सून सुनंदा रडायलाच लागली. मला काय वाटलं? काय नाय. वरचा पंखा बघत बसले.

डिप्रेशन म्हणजे मन बसणं. वेड नव्हे, हे आधीच सांगते, कारण आमच्या आळीत देवरुषी सुचवायला बाया लगेच धावतात. एकीने लिंबूही उतरवून आणलं. मी म्हटलं, ठेव, सरबताला होईल. पण सरबतही केलं नाय. कशालाच हात जात नव्हता.

आमचे हे गेले आणि हळूहळू सगळं असं झालं. भाताची लावणी आली, गेली, मी ओटीवर बसून. पायाला मुंग्या यायच्या. नातू मांडीवर बसला तर नुसतं वजन वाटायचं. रडू? एक टिपूस नाय. शेजारणी म्हणाल्या, घट्ट बाई आहे. डोंबलाची घट्ट!

शेवटी सुनंदाने रजा काढून मुरबाडहून शहापूरला नेलं. रक्त काढलं, परत काढलं. बाकड्यावर बसून कंबर धरली. हिमोग्लोबिन कमी आलं, म्हणजे अंगात रक्त कमी. आणि बी-ट्वेल्व, नसांना आणि डोक्याला लागणारं जीवनसत्त्व, ते तर फारच कमी.

"जेवता काय?" बाईंनी विचारलं.

"पेज."

"आणखी?"

"पेजच."

सुनंदा उसळली. "अहो आई, मी रोज डाळ, भाजी, अंडं झाकून ठेवून कामाला जाते!"

"ते कुत्र्याला घालते," मी म्हटलं.

असं का करता, बाईंनी शांतपणे विचारलं. मग मी सांगितलं. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या उष्ट्या ताटात जेवले. घरची रीतच होती. हे उठताना अर्धं अंडं, सुकटीची चटणी माझ्यासाठी कडेला सारून ठेवायचे. त्यातच मी भात वाढून घ्यायचे. स्वतःसाठी कोरं ताट कधी घेतलंच नाय. हे गेल्यावर ताटाकडे हातच जाईना. पेज काय, वाटीत भागते.

"पोट असं रिकामं राहिलं की मन आणखी खचतं," बाई म्हणाल्या, "आणि मन खचलं की भूक मरते. दोन्हीचं औषध बरोबरच करू." इंजेक्शनं दिली, मनासाठी गोळी दिली. रोज डाळ, अंडं, सुकी मासळी. आणि एकटं जेवायचं नाय.

तुमच्या घरातलं म्हातारं माणूस गप्प झालं असेल तर वयावर ढकलू नका. ते काय जेवतं ते समोर बसून बघा.

सुनंदा कामावर जायच्या आधी माझ्यासोबत जेवायला बसायची. भल्या सकाळी कुणाला भूक असते? पण बसायची बिचारी. मला सगळं मातीसारखं लागायचं. ती बघते म्हणून गिळायचे. बरेच दिवस असंच चाललं.

एका रविवारी तिने जवळा केला. पहिला घास घेतला आणि मी ओरडले, "अगो, आमसूल कुठाय ह्यात? ह्यांनी तोंड वाकडं केलं असतं!"

बोलले आणि थांबले. मग असा हंबरडा फुटला की नातू आत पळाला. सुनंदा घाबरून डॉक्टरीणबाईंना फोन लावायला उठली.

मी तिचा हात धरून खाली बसवलं.

"डाक्टर नको गो," मी म्हटलं. "हे गेले ना आपले."