दुःखाची चिठ्ठी आणि तीन गावच्या मंडया

चिठ्ठीत 'दुःख' निघालं तेव्हा रिंकी कटरेला आनंद झाला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आमगावच्या त्या कॉलेजात बारावीच्या पोरांना व्हिडिओ करायचा होता. चार जणांचा गट, तीन मिनिटं, एक भावना, आणि एक डिसेंबरला मॅडमच्या टेबलावर सीडी. कोणाच्या वाट्याला भीती आली, कोणाच्या वाट्याला माया. रिंकीला वाटलं, दुःख म्हणजे तर आपला घरचा माल. तिचा बाप दुधराम १९९९ पासून लग्नाचं शूटिंग करत होता आणि अर्ध्या तालुक्याच्या लेकी त्याच्या कॅमेऱ्यासमोर रडून सासरी गेल्या होत्या.

त्या रडण्याचीही रीत होती. बिदाईला नवरी आईच्या गळ्यात पडली की दुधराम हात वर करायचा. "थांबा बाई, लाइट नव्हता. अजून एक वेळ रडा." नवरी पुन्हा रडायची, सोबत आईही. तो लाइट आठवीपासून रिंकीच धरत आली होती. मोठ्या कॅमेऱ्याला मात्र तिचा हात लागायचा नाही. पोरगी मंडपात स्टुलावर चढून उभी राहिली तर लोक काय म्हणतील? आता त्याच पोरीनं तापलेला लाइट तीन तास डोक्यावर धरला तर लोक काही म्हणत नाहीत, हा कुठला न्याय, ते दुधरामलाच ठाऊक.

२०१२ च्या दिवाळीत तिनं बापाला धरलंच. "यंदा सीझनले मोठा कॅमेरा मी चालवीन, बाबूजी."

"पहिले तो कॉलेजचा व्हिडिओ करून दाखव," दुधराम टाळायच्या सुरात म्हणाला. "जुना हँडीकॅम घेऊन जा. चार जणाईले सांभाळून, तारखेच्या आत. मंग पाहू."

"पाहू नाही. देतो म्हणा."

"बरं बाई, देतो."

झालं. आता त्या तीन मिनिटांवर तिचं सारं येऊन अडकलं. आणि नेमकी मंडई सुरू झाली.

इकडं भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते, म्हणजे गावजत्राच. दुकानं, आकाशपाळणा, दंडारीचा नाच, रात्री नाटक. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, घरोघरी पंगती उठतात. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, कारण शेजारच्या गावची मंडई कोणालाच बुडवायची नसते. रिंकीच्या गटातली सोनिका अंजोऱ्याची, भूपेंद्र तिगावचा, ओमेश्वर कालीमाटीचा. रिंकी रोज फोन लावायची आणि रोज नवीन मंडई ऐकायची.

"आमची मंडई जवळ आली वं," सोनिका म्हणायची. "ताई आली आहे. घर सोडून कशी येऊ?"

"ओम्या, तुमची मंडई तं पुढच्या हप्त्यात आहे. तू काऊन नाही येऊन राहिला?"

"आज मामाच्या गावची आहे नं."

"अन काल?"

"काल मावशीच्या."

"तुह्या बापाले अजून किती सोयरे आहेत ते एकदाच लिहून दे मले."

भूपेंद्रची तर बातच वेगळी. तो दंडारीत नाच्या होता, रोज एका गावी. फोन उचलला तरी मागून ढोलकीच ऐकू यायची.

एका दुपारी मात्र चौघं कसेबसे कॉलेजमागच्या मैदानावर जमले. सोनिकाच्या अंगावर मंडईसाठी घेतलेला नवा ड्रेस. ओमेश्वरचं तोंड खाऊन खाऊन तुकतुकीत. भूपेंद्रनं दुःख दाखवायला घेतलं ते छाती बडवून, गुडघ्यावर पडून, पाच हजार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात. ओमेश्वर खिदळला. रस्त्यानं जाणारे दोन म्हातारे फोटो निघतो आहे असं समजून टोप्या नीट करून मागं ताठ उभे राहिले.

"थांबा," रिंकी ओरडली, "अजून एक वेळ रडा."

आणि तिलाच तिची चीड आली. तोंड आपलं, शब्द बापाचे. तिनं हँडीकॅम बंद केला आणि घरी निघून गेली.

अंजोऱ्याच्या मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती सोनिकाला चार शब्द सुनावायलाच गेली. तारखेला आठ दिवस राहिले होते, राग नाकावर होता. गावात शिरली तर मैदानावर आकाशपाळण्याचे नटबोल्ट काढणं चालू होतं. फाट्यावर सोनिका आणि तिची ताई बसची वाट पाहत उभ्या. बस आली, ताई चढली, बस गेली. सोनिका तिथंच उभी. तिच्या हातात अनारशांची पिशवी, ताईला द्यायची राहून गेलेली.

रिंकीनं केव्हा कॅमेरा सुरू केला, तिला कळलंही नाही.

"बंद कर ते," सोनिका म्हणाली.

"करतो. पण पाहून घे पहिले."

सोनिकानं त्या एवढ्याशा पडद्यावर स्वतःला पाहिलं. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, "राहू दे."

रिंकीनं बाकी दोघांना निरोप धाडला: आमगावला येऊ नका, मीच येतो, मंडईच्या दुसऱ्या दिवशी. तिगावला भूपेंद्र रिकाम्या स्टेजवर बसून नाचाचं लुगडं घडी करत होता. तोंडावरचा रंग अर्धा धुतलेला. यंदाची त्याची ती शेवटची दंडार. कालीमाटीला ओमेश्वर अंगणातल्या अकरा खाटा एकेक करून भिंतीला उभ्या लावत होता. काल प्रत्येक खाटेवर पाहुणा होता. खिदळणारा ओमेश्वर त्या दिवशी एकदाही हसला नाही, आणि त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

तारखेच्या आदल्या दिवशी ती कॉम्प्युटरसमोर आली तर दुधरामनं एडिटिंगचं काम उरकून ठेवलेलं. सोनिकाच्या बसवर गुलाबाच्या पाकळ्या झडत होत्या, भूपेंद्र बदामाच्या आकारात बसला होता आणि अकरा खाटांवर सनई वाजत होती. बापानं प्रेमानं केलं होतं, म्हणून तर जास्त चीड.

"काढा हे सारं."

"काढलं तं लोकाईले समजन कसं, का हे दुःख आहे?"

"तुम्हाले समजलं का नाही?"

दुधरामनं पाकळ्या काढल्या, बदाम काढले, सनई काढली. पुन्हा पाहिलं. खाटांपाशी आला तेव्हा त्यानं चष्मा पुसला.

"समजलं," तो म्हणाला. "पण मी चार जणाईले सांभाळून म्हटलं होतं. चौघं एका ठिकाणी आहेत कुठं?"

"नवरीचं घर एकीकडं, नवरदेवाचं दुसरीकडं. तुम्ही दोन्हीकडं जाता अन सीडी एकच देता नं?"

सीडी वेळेत गेली. परत आली ती मॅडमच्या शेऱ्यासकट: 'एकही पात्र रडत नाही. भावना स्पष्ट होत नाही.' रिंकी चडफडली. पण दुधराम तिच्याहून भडकला. "कोण बाई आहे थे? तिले म्हणा, रडणं पाहाचं असन तं माह्याकडं ये, तेरा वर्षाचा स्टॉक आहे."

धानाची चुरणी-मळणी आटोपली आणि पहिलं लग्न आलं. स्टुलावर मोठा कॅमेरा घेऊन रिंकी चढली, खाली लाइट डोक्यावर धरून दुधराम. लोक काय म्हणायचं ते म्हणाले. वरातीच्या ब्यांडात ऐकू आलं नाही. बिदाईला नवरी आईच्या गळ्यात पडली, आणि सवयीनं दुधरामचा हात वर गेला.

"थांबा बाई—"

"बाबूजी," वरून आवाज आला, "लाइट धरा."